खडूच्या भिंती

दार उघडून त्यानं आत पाऊल टाकलं आणि त्याचा उजवा हात आपसूक भिंतीकडे गेला. तिथे दिव्याचं बटण असायला हवं होतं. नव्हतं. हाताला लागली ती नुकता रंग दिलेली गार, गुळगुळीत भिंत, आणि तिच्यावरून त्याचा तळवा खाली-वर फिरत राहिला, रुसलेल्या माणसाची पाठ चोळावी तसा. वायरमन विसरला असेल असं त्याला आधी वाटलं, आणि मनातल्या मनात त्यानं वायरमनला दोन शिव्याही हासडल्या. खिडक्यांच्या काचांना रंग लागू नये म्हणून कागद चिकटवले होते, त्यामुळे भर दुपारी आत काळोख होता. डोळे सरावले तशी बटणांची पाटी दिसली. ती डाव्या भिंतीवर होती. डाव्या भिंतीशी तर चपलांचं कपाट यायचं होतं. तो दोन पावलं पुढे गेला आणि डावीकडे वळला, कारण स्वयंपाकघर डावीकडे होतं, आणि त्याचं नाक भिंतीवर आपटता आपटता राहिलं. स्वयंपाकघर उजवीकडे होतं. घरात तसं काही कमी नव्हतं. ओटा होता, बाथरूम होतं, आईच्या खोलीची छोटी खिडकी होती, सगळं ठरल्याप्रमाणे होतं, फक्त जे इकडे ते तिकडे गेलं होतं. बाथरूमच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, आणि शर्टाचा खिसाही आरशातल्या माणसाच्या उजवीकडे गेलेला दिसला, तेव्हा त्यानं घाबरून छातीला हात लावून पाहिलं. खिसा जागेवर होता.

खाली बिल्डरच्या ऑफिसात चाव्या देणारा माणूस डबा खात बसला होता. त्यानं घास गिळेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुम्ही मापं घेतलीत तो समोरचा फ्लॅट. नमुन्याचा. तुमच्यात तेव्हा फरशीचं काम चालू होतं ना. तुमचा अगदी तस्साच आहे. फक्त उलटा."

"उलटा म्हणजे?"

"म्हणजे आरशात बघितल्यासारखा. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. तुम्ही हो म्हणालात आणि टेप पसरायला लागलात."

त्याला हे आठवेना. टेप आठवली. टेपचं टोक धरायला बायकोला कोपऱ्यात उभं केलं होतं तेही आठवलं, आणि दरवाजापासून ओट्यापर्यंतचं अंतर मोजताना कोणीतरी मागून काहीतरी बोलत होतं आणि आपण 'हो हो' म्हणत होतो, एवढंही आठवलं. काय बोलत होतं ते मात्र डोक्यात शिरलंच नव्हतं. त्यानं चाव्या खिशात टाकल्या. येत्या रविवारी सामान हलवायचं होतं, आणि घरातली चारही माणसं एक चुकीचं घर तोंडपाठ करून बसली होती.

ही तोंडपाठ करण्याची कल्पना अर्थातच त्याची. एका उंच, काचेच्या इमारतीत तो सुरक्षा अधिकारी होता, आणि दर काही महिन्यांनी शिट्टी वाजवून सगळ्या मजल्यांवरच्या माणसांना जिन्यानं खाली उतरवून मैदानात उभं करणं हा त्याच्या नोकरीतला सर्वात मोठा क्षण होता. आग कधी लागली नव्हती. लागली तर काय, याचा सराव मात्र इमारतीला इतका झाला होता की लोक हातातला चहा न सांडता खाली उतरत आणि उरलेला चहा मैदानात पीत. ऑफिसात त्याला 'शिट्टी' म्हणत. त्याच्या तोंडावर नाही, पण जिन्यात आवाज घुमतो हे म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नसे. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. माणसाला आधी सांगितलं, दाखवलं, चार वेळा करून घेतलं की माणूस कशालाही तोंड देऊ शकतो, यावर त्याची श्रद्धा होती, आणि ही श्रद्धा त्याला कुठल्या पुस्तकातून मिळाली नव्हती. तो चौथीत असताना मिळाली होती. एका संध्याकाळी तो शाळेतून घरी आला तर दाराला कुलूप. खिडकीला पडदा नाही, दोरीवर कपडे नाहीत, दारातलं पायपुसणंसुद्धा गेलेलं. तो पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिला. पायरीच्या दगडाचा गारवा चड्डीतून आत चढत होता, दप्तराच्या पट्ट्याला घामाचा खारट वास येत होता, आणि हे सगळे आपल्याला सोडून गेले हे त्याला हळूहळू, अगदी नीट, कळत गेलं. अंधार पडता पडता वडील सायकलवरून आले. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "चल." तो मागच्या कॅरिअरवर बसला आणि दुसऱ्याच घरी पोचला. घर बदललं होतं आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती पायरी त्याच्या पार्श्वभागाला अजून आठवत होती. प्रत्येक प्रशिक्षणात तो नव्या लोकांना ही हकीकत सांगत असे, आणि शेवटी जरा थांबून म्हणत असे, "सूचना न मिळालेला माणूस काय करतो? बंद दारापुढे बसतो." नवी माणसं गंभीर होत. जुनी माणसं या वाक्याच्या आधीच उठून चहाला निघत.

म्हणून स्वतःच्या कुटुंबाच्या बाबतीत त्यानं काहीच नशिबावर सोडलं नव्हतं. खरी अडचण आईची होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत, नजरेच्या मधोमध, डाग पडला होता. समोरचा माणूस तिला तिरकं बघितल्याशिवाय दिसत नसे, आणि दिसला तरी त्याला चेहरा नसे. पण या जुन्या घरात ती राणीसारखी वावरायची. कपाटाचा कोपरा, मग फ्रिजची घरघर, मग पंख्याचा वारा संपतो ती जागा, तिथून उजवीकडे चूल. स्वतःचा चहा स्वतः करायची आणि कोणी मदतीला हात पुढे केला तर हातावर चापट मारायची. नव्या घराचा विषय निघाला तेव्हा तिनं आकांडतांडव केलं नाही. जेवता जेवता सांगितलं, "मी येईन. पण तिथे मला कोणी हाताला धरून बाथरूमपर्यंत न्यायचं नाही. माझं मला जमलं तर राहीन. नाही जमलं तर ताईकडे जाईन. तिचं घर मला पाठ आहे." ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. तिच्याकडे आईला जायला हरकत काहीच नव्हती. ताई प्रेमळ होती, घर तळमजल्यावर होतं, आणि नेमक्या याच कारणांमुळे तिकडे गेलेली आई परत येणार नव्हती. सकाळी उठल्यावर स्वयंपाकघरातून आईचं ते बारीक, बेसूर गुणगुणणं ऐकू आलं नाही तर घर बदललं काय आणि न बदललं काय, असं त्याला त्या घासाला वाटलं. तो म्हणाला, "जमेल. मी जमवून देतो." आणि दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर गेला.

गच्चीवर त्यानं नवं घर आखलं. छोटं चित्र नव्हे. खऱ्या मापाचं, खऱ्या लांबीरुंदीचं, टेप लावून. खडू दिला खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी. त्यांनी दुकान बंद केलं तेव्हा कापडावर खुणा करायच्या खडूंचा डबाच्या डबा उरला होता, आणि आपला खडू अजून कोणाच्या मापाला लागतोय याचा त्यांना इतका आनंद झाला की ते रोज संध्याकाळी सराव बघायला येऊ लागले. येत ते सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीतून. "काका, दारातून," असं त्यानं सांगितलं की बिचारे परत जात, दारापुढे उभं राहून तोंडानं 'टिंग टाँग' म्हणत आणि बायकोनं "या" म्हटलं की आत येत. बायकोनं 'या' म्हणणं हा तिच्या सहभागाचा सगळ्यात उत्साही भाग होता. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना 'आता दिसतं का, आता बरं दिसतं का' असं विचारून घरी आलेल्या बाईला पुन्हा नसलेल्या ओट्यापुढे उभं राहून नसलेला नळ सोडायला सांगणं हे तसं अमानुषच होतं. पण ती करायची. कॉलेजात जाणारी मुलगी मात्र फोनमध्ये डोकं घालून झोपायच्या खोलीतून थेट हॉलमध्ये यायची.

"भिंतीतून आलीस."

"बाबा, खडू आहे तो."

"तिथे विटा असणार आहेत. परत जा."

"तिथे विटा असल्या की मी आपोआप थांबेनच ना," असं म्हणत ती परत जायची, कारण वाद घालण्यापेक्षा परत जाणं लवकर संपायचं. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणींनी एव्हाना त्यांच्या बाथरूमवरून दोरी बांधली होती. एक जण तर "तुमच्या हॉलमध्ये माझ्या चादरी आहेत, सरावाच्या वेळी काढते," असं जिन्यात थांबवून सांगून गेली. आणि या सगळ्या टिंगलीत एकटी आई होती, जी चुकत नव्हती. पहिल्या दिवशी थोडी चाचपडली. पण तो पुढे राहून, "आई, आता दार. आता डावीकडे. ये, ये, इथे ओटा," असं सांगत गेला, आणि आई एक हात पुढे धरून, मान जराशी तिरकी करून, बरोब्बर रेघांच्या मधून चालत आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर तिनं खोलीतून बाथरूम, बाथरूममधून स्वयंपाकघर अशी पूर्ण फेरी मारली आणि ओट्यापाशी थांबून विचारलं, "चहा टाकू का?" शिंपीकाकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला त्या रात्री झोप फार छान लागली.

आणि आता चाव्या खिशात घेऊन बसमध्ये बसल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत होती: आईचा हात. तो सुरकुतलेला, आत्मविश्वासानं पुढे आलेला हात, डावीकडे चूल आहे या खात्रीनं रिकाम्या हवेत जाणारा. आपणच शिकवलेला हात. काहीच शिकवलं नसतं तर तो हात निदान सावध तरी राहिला असता. बसच्या खिडकीतून दुकानं मागे जात होती आणि त्याला एकदम वाटलं की तीही आज उलट बाजूला आहेत. औषधांचं दुकान नेहमी या हाताला यायचं ना? मग त्याच्या लक्षात आलं की आपण आज ड्रायव्हरच्या बाजूला बसलो आहोत. घरी जेवताना त्यानं तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा 'एक गंमत झाली' असं म्हणाला, तर बायकोनं इतक्या तयारीनं वर पाहिलं की त्यानं ऑफिसातल्या लिफ्टची गंमत सांगितली. त्या लिफ्टमध्ये गंमत काहीच नव्हती. आई म्हणाली, "परवा मी झोपेत नव्या घरात चालत होते रे. काही अडलं नाही." त्यानं पाणी पिण्याच्या निमित्तानं ग्लासात तोंड घातलं. ऑफिसात दुसऱ्या दिवशी नेमका सराव होता. गेली कित्येक वर्षं ज्या हातानं तो लोकांना जिना दाखवत आला तो हात ऐन वेळी घुटमळला आणि दुसरीकडे वळला, आणि आख्खा हिशेब विभाग शिस्तीत, एका ओळीत, हातात चहा घेऊन तळघरातल्या पाण्याच्या पंपाजवळ जाऊन उभा राहिला. कोणी तक्रार केली नाही. शिट्टीनं सांगितलं म्हणजे असेल काहीतरी, असं म्हणून ते तिथेच चहा पीत थांबले. त्यांना शोधून वर आणताना त्याच्या कपाळावर घाम होता. माणसं आपल्यावर किती विश्वास ठेवतात, या विचारानं त्याला त्या तळघरात अगदी गुदमरल्यासारखं झालं.

शेवटी त्यानं जे केलं ते भित्र्या माणसांना सुचतं तसंच होतं: खरं सांगायच्या ऐवजी त्यानं आणखी एक सराव ठेवला. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी गच्चीवर जाऊन त्यानं ओल्या फडक्यानं सगळ्या रेघा पुसल्या. गुडघे सोलवटले, कंबर धरली. मग नवं घर आखलं, म्हणजे खरं घर, दारातून आत आलं की उजवीकडे स्वयंपाकघर असलेलं. मंडळी वर आली.

"हे उलटं आहे," मुलगी म्हणाली. तिनं फोनमधून मान वर केली होती, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळावं.

"मुद्दाम आहे," तो म्हणाला. "ही परीक्षा. ऑफिसात आम्ही एक जिना बंद करतो, म्हणजे माणूस डोकं वापरतो. इकडचं तिकडे झालं तर गोंधळायचं नाही."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. दुकानात समोरचा माणूस अक्षरं दिसत नसताना पाठ म्हणतो आहे हे कळल्यावर ती जसं बघत असेल तसं बघितलं. शिंपीकाका सवयीनं जुन्या दारापुढे जाऊन 'टिंग टाँग' म्हणाले आणि आपण कोणाच्या तरी झोपायच्या खोलीत उभे आहोत हे कळल्यावर ओशाळून बाहेर पडले. तो स्वतः प्रात्यक्षिक दाखवायला गेला आणि 'हे बघा, इथून स्वयंपाकघर' असं म्हणत बाथरूममध्ये शिरला. बायको गेली ती बरोबर गेली, पण प्रत्येक वळणाला थांबून. मग आईची पाळी आली.

"आई, सावकाश. ये. आता दार. आता उजवीकडे, बरं का, उजवीकडे. हं. आता सरळ."

आणि आई आली. न थांबता, न चुकता, मान तशीच तिरकी, हात तसाच पुढे. खोली, बाथरूम, बाथरूममधून वळून स्वयंपाकघर. पहिल्याच फेरीत. जे त्याला जमलं नव्हतं, मुलीला अजून जमायचं होतं, ते या वयात, या डोळ्यांनी. त्याच्या छातीत काहीतरी उचंबळून आलं. आयुष्यभर लोकांनी शिट्टी म्हणून हिणवलं, आणि हे बघा, बघा म्हणावं, सरावानं माणूस काय करू शकतो ते. त्याला पुढची सूचना द्यायची होती, पण आईकडे बघता बघता ती द्यायची राहूनच गेली. तो नुसता उभा राहिला.

आई थांबली. एक पाय स्वयंपाकघरात, एक पाय बाथरूममध्ये, भिंत बरोबर दोन पायांच्या मधून गेलेली. क्षणभर तिनं वाट पाहिली.

"गप्प का झालास? बोल की."

"आजी, तू भिंतीवर उभी आहेस," मुलगी हळूच पुटपुटली, पण तिनं तोंडावर हात घेतला होता.

"मी कशावर उभी आहे ते मला काय माहीत? हा बोलेल तर कळेल."

"म्हणजे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे काय? जमिनीवरच्या रेघा मला दिसत असत्या तर मी चष्म्याच्या दुकानातल्या सुनेला कशाला त्रास दिला असता? तू जिथे उभा राहून ओरडायचास तिथे मी यायचे. तू काय, भोंग्यासारखा बोलतोस. आवाजाच्या मागे मागे मी गच्चीवरून खालीसुद्धा पडले असते."

शिंपीकाकांनी आकाशाकडे बघायला घेतलं. त्यानं बायकोकडे वळून पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं," बायको म्हणाली. "आईंना कडेचं दिसतं, मधलं आणि खालचं दिसत नाही, असं नीट समजावून सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात आणि खडू आणायला गेलात."

"मग रोज इथे कशाला येत होतीस, आई?"

"तुला बरं वाटत होतं," आई म्हणाली. "शिवाय वारा छान असतो."

त्यानं गच्चीच्या कठड्याला पाठ टेकवली आणि सगळं सांगून टाकलं. चाव्या, काळोख, उजवा हात, चाव्या देणाऱ्या माणसाचा डबा, सगळं. हा नवा नकाशाच खरा आहे, परीक्षा वगैरे काही नाही, हेही सांगितलं. त्याला वाटलं होतं आता कोणीतरी रागावेल. बायको थोडा वेळ रेघांकडे बघत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती खाली बसली ती थेट त्यांच्या नसलेल्या ओट्यावर.

"म्हणजे इतके दिवस," ती डोळे पुसत म्हणाली, "आपण शेजाऱ्यांच्या घरात राहायला शिकत होतो."

आईही हसली. पण हसणं ओसरल्यावर तिनं नेमकं तेच म्हटलं ज्याची त्याला भीती वाटत होती. "माझी अट आहे ती आहे. आणि आता तिथे गेल्यावर तू बोलायचं नाहीस. एक शब्द नाही. खऱ्या भिंती असतील, मला हात लावून बघू दे. तू बोललास की माझे कान तुझ्याकडे जातात आणि हात आंधळे होतात." तिनं आपली बॅग भरली तीसुद्धा नव्या घरासाठी आणि ताईच्या घरासाठी एकच.

रविवारी सामान हललं. टेम्पो, दोरखंड, गाद्या, जिन्यात अडकलेलं कपाट, काय विचारू नका. शिंपीकाकांनी निरोप म्हणून उरलेल्या खडूंचा डबा दिला आणि बायकोनं तो वाटेतच कुठेतरी हरवला. त्या घरातले पहिले दिवस त्याच्या आयुष्यातले सर्वांत अवघड दिवस होते, कारण त्याला गप्प बसायचं होतं. आई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंतींना हात लावत फिरायची. कपाटाच्या कडेला कोपर आपटून घ्यायची. एकदा बाथरूम समजून बाहेरचं दार उघडून जिन्यात जाऊन उभी राहिली, आणि तो सोफ्यावर बसून स्वतःची मूठ चावत राहिला, कारण 'आई' एवढा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता आणि बायको डोळे वटारून त्याच्याकडे बघत होती. एकदा तिनं दूध उतू घालवलं. एकदा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला. आईच म्हणाली, "टेबल हललंय वाटतं," आणि स्वतःच्या खोलीत गेली, तीही दोन चुकीची वळणं घेऊन. ताईचा फोन यायचा, गाडी पाठवू का म्हणून. आईची बॅग तिच्या खोलीत दारामागे तशीच होती, चेन लावलेली. ऑफिसला निघताना तो रोज त्या बॅगेकडे बघायचा. बॅगेच्या वरच्या कप्प्याला एक लहानसा फुगवटा होता, चष्म्याच्या डबीचा असावा, आणि रोज संध्याकाळी घरी आल्यावर तो आधी तो फुगवटा जागेवर आहे का ते पाहायचा. फुगवटा असायचा. म्हणजे बॅग अजून उघडली नव्हती, आणि म्हणजे आई अजून पाहुणी होती.

असाच एक दिवस. ऑफिसात दिवसभर बैठका, डोकं जड झालेलं. तो बसमधून उतरला, कोपऱ्यावरच्या दुकानातून बटाटे घेतले, दुकानदारानं "बरेच दिवस दिसला नाहीत" म्हटलं त्यावर तो "हो हो" म्हणाला, आणि विचारांच्या तंद्रीत जिना चढला. पायांना जिना ठाऊक होता. वळणावरची तुटकी पायरी त्यांनी न सांगता ओलांडली. दारापाशी येऊन त्यानं किल्ली कुलपात घातली. किल्ली फिरेना. त्यानं ती काढली, पुसली, पुन्हा घातली. जोर केला. मग त्याच्या लक्षात आलं की दारातलं पायपुसणं नाही. नावाच्या पाटीच्या जागी चार खिळ्यांची भोकं आहेत. तो तसाच, एका हातात बटाट्यांची पिशवी आणि एका हातात नव्या घराची किल्ली घेऊन उभा राहिला, आणि मग त्या बंद दारापुढे पायरीवर बसला. गारवा पँटमधून वर चढू लागला तेव्हा तो त्याला लगेच ओळखता आला.

फोन वाजला. मुलगी असेल असं वाटून त्यानं उचलला.

"तू जुन्या घरी गेलायस ना?" आईचा आवाज आला.

त्यानं बटाट्यांची पिशवी पायरीवर ठेवली.

"मी म्हटलंच. बस येऊन किती वेळ झाला. या दोघींना म्हटलं, तो तिकडेच गेला असणार. लहानपणीही गेला होतास."

"तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आपोआप निघालं.

"सांगितलं नव्हतं कसं? आठवडाभर सांगत होतो आम्ही. आदल्या दिवशी वडिलांनी शाळेपासून नव्या घरापर्यंत चालत नेऊन दाखवलं होतं, परत शाळेपर्यंत नेऊन पुन्हा एकदा दाखवलं. तू हो हो म्हणालास. मग दुसऱ्या दिवशी आपला सरळ तिकडे. वडील बिचारे सगळीकडे सायकल मारत फिरले. इतके घाबरले होते की घरी आल्यावरसुद्धा कितीतरी वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही."

त्याला कॅरिअर आठवलं, लोखंडाच्या पट्ट्या मांडीला रुतणारं, आणि वडिलांची ओली पाठ, जिला तो गाल टेकून बसला होता. ती पाठ घामानं ओली होती हे त्याला इतकी वर्षं आठवत होतं, आणि ती कशामुळे ओली होती हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

"मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"ती गोष्ट सांगून तुझं पोट चालतं असं तूच म्हणायचास. मी कशाला मधे पडू?" पलीकडे कपबशीचा आवाज झाला. आणखी एक कप ओट्यावर ठेवला गेला, हलकेच, न फुटता. "आणि हे बघ, येताना दूध आण. मी चहा केला, तो संपला. चष्म्याची डबी सापडेना म्हणून ती बॅग सगळीच उपसली, कपडे आता कपाटात लावलेत. तुझ्या ताईला कळव, मला सारखं सारखं फोनवर बोलायला होत नाही."

तो पायरीवरून उठला. उठताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. खालच्या मजल्यावर शिंपीकाकांचं दार किलकिलं झालं आणि बंद झालं. त्यांनी बघितलं असणार, आणि न बघितल्यासारखं केलं असणार. जिन्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावर दिवे लागले होते. बसथांबा कुठल्या हाताला, हे त्याला खरोखरच क्षणभर कळेना.

"आई," तो म्हणाला, "ठेवू नकोस फोन."

"नाही ठेवत. मी बोलते, तू चालत ये. आता उतर जिना. ती तुटकी पायरी आहे, बघ."